पाठीवरचा पाय

माझ्या मुलीच्या पायाला गुण आहे, हे माझ्या वडिलांनी ती जन्माला यायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं.

मला तेव्हा आठवा महिना सरत आला होता आणि बाबा नाशिकहून परदेशात, क्वेकर्स हिलला आमच्याकडे आले होते, लेकीचं बाळंतपण करायला. आई जाऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे हे काम आता आपल्याकडेच आलं असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. बाळंतपणाला बाप येतोय म्हटल्यावर आमच्या ओळखीतल्या बायकांना हसू आवरेना. बाबांना त्याचं काही नव्हतं. आयुष्यभर छापखान्यात कागदाची रिमं उचललेला माणूस, तो शेजारच्या काकूंकडून डिंकाचे लाडू वळायला शिकून आला होता. अळीवही आणले होते, पण विमानतळावर सामानात बिया आहेत का असं विचारल्यावर त्यांनी स्वतःहून पिशवी पुढे केली आणि अळीव तिथेच राहिले. नवरा म्हणाला, "बाबा, गप्प बसायचं होतं की." बाबा म्हणाले, "खोटं कशाला बोलायचं? वस्तू त्यांच्या देशात आणतोय आपण."

त्याच आठवड्यात सोनोग्राफीत कळलं की बाळ आडमुठं आहे. डोकं वर, पाय खाली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटावरून हाताने बाळ फिरवून बघता येईल, नाहीतर सरळ सिझेरियन. मी घरी येऊन रडले. बाबांचा चेहरा मात्र उजळला.

"म्हणजे पायाळू!" ते म्हणाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे जे मूल पायाकडून जन्माला येतं ते पायाळू. कुणाच्या पाठीत किंवा कमरेत उसण भरली, म्हणजे अशी कळ धरली की धड वाकता येईना, धड उभं राहता येईना, तर पायाळू माणसाला बोलवायचं. त्याने दुखऱ्या जागी पाय लावायचा, की उसण जाते. थोरामोठ्यांना पाय लावणं एरवी पाप. पण इथे लावलेला पाय चालतो, फक्त मग लगेच वाकून नमस्कार करायचा. बाबांच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत एक पायाळू बाई होती. तिच्या दारात सकाळी माणसं वाकडी होऊन यायची आणि सरळ होऊन जायची, असं बाबा सांगायचे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दोनदा तेच केलं आणि दोनदा तेच झालं तरच मी विश्वास ठेवते. उसण तशीही दोन दिवसांत जाते, हे मी बाबांना कितीदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "जाते ना? मग पाय लावून गेली तर तुझं काय बिघडलं?"

हाताने बाळ फिरवायची मला भीती वाटत होती. आमच्या मिडवाइफने सुचवलं की स्टेशनजवळ एक चिनी बाई आहे, ती वाळलेल्या पाल्याची कांडी देते. कांडी पेटवायची आणि तिची धग पायाच्या करंगळीपाशी रोज थोडा वेळ धरायची. काहींचं बाळ फिरतं, काहींचं नाही, पण माझ्या बाबतीत करून बघायला हरकत नाही. मला दिवस इतके अवघड गेले होते की तिने पी हळद आणि हो गोरी म्हटलं असतं तरी मी प्यायले असते. पोटामुळे माझा हात करंगळीपर्यंत पोचेना आणि नवऱ्याला धुराने शिंका. मग ते काम बाबांकडे गेलं. घरात स्मोक अलार्म वाजेल म्हणून आम्ही गराजमध्ये बसायचो. मी कॅम्पिंगच्या खुर्चीवर, बाबा खाली पाटावर, माझा पाय त्यांच्या मांडीवर. कांडी पेटली की बाबा नाक वर करून म्हणायचे, "अगं, हा तर आपला दवणाच!" आणि खरंच, देवाला वाहिलेल्या दवण्यासारखा वास त्या गराजमध्ये दरवळायचा.

मला तेव्हाच दिसत होतं की बाबांची पंचाईत झालीय. लेकीचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून ते जीव ओतून कांडी धरायचे, आणि कांडी विझवली की फोनवर नाशिकला सगळ्यांना सांगायचे, आमच्याकडे पायाळू येणार म्हणून.

पोर फिरली. कांडीने फिरली की आपल्या मनाने फिरली, कोण जाणे. पुढच्या तपासणीत डोकं खाली होतं. पण ते बाबांना सांगायच्या आधीच त्याच दिवशी मला कळा सुरू झाल्या, रात्रभर चालल्या, आणि पहाटे बाळाचे ठोके कमी झाले म्हणून घाईने सिझेरियन केलं. म्हणजे बाबांनी आणि मी एवढा धूर खाल्ला तो खाल्ला आणि पोट फाडायचं ते फाडलंच. संध्याकाळी बाबा हॉस्पिटलात आले. त्यांनी बाळाचं तोंड पाहायच्या आधी दुपट्यातून तिचा पाय बाहेर काढला, तो आपल्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "आली बाई माझी डॉक्टरीण." माझ्या टाक्यांत कळ येत होती. मी म्हटलं, जाऊ दे, नंतर सांगू. ते नंतर काही आलं नाही.

बाबा परत गेले आणि मग अधूनमधून लांब मुक्कामाला येत राहिले. मुलगी चार वर्षांची असताना एकदा मागच्या अंगणात ओल्या कपड्यांची बादली उचलताना त्यांना उसण भरली. मी त्यांना गाडीत घालून फिजिओकडे नेलं. तिने शेक सांगितला, चार व्यायाम सांगितले, झोपून राहू नका म्हणाली. बाबांनी सगळं मान हलवून ऐकलं, आणि घरी येऊन रगवर पालथे पडून नातीला हाक मारली. तिने सोफ्याला धरून आपला एवढासा पाय त्यांच्या कमरेवर ठेवला. बाबा उठून बसले आणि म्हणाले, "गेली!" नवरा म्हणाला, "हिला डॉक्टरांसारखा प्रोव्हायडर नंबर काढून देऊ या, विम्यात क्लेम करता येईल." त्या वर्षीच्या गणपतीला आमच्या ग्रुपमधल्या दोघातिघांनी आपापल्या पाठी तिच्यासमोर आणल्या. तिला वाटलं हा खेळच आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. उसण एकदा गेली तरी बाबा रोज सकाळी रगवर पालथे पडायला लागले. "आज जरा धरलीय," असं म्हणायचे. मुलगी शाळेच्या कपड्यांत यायची, एका पायातला मोजा काढून हातात धरायची आणि दुसऱ्या हाताने सोफा पकडून उभी राहायची. "वर घे. अजून वर. हां, तिथे," असं बाबा सांगायचे, आणि घरात सगळ्यांशी इंग्रजीत बोलणारी माझी मुलगी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, हळू, जोरात असे शब्द त्या पाठीवर शिकली. तसं उभ्याउभ्या ती त्यांना शाळेतलं सगळं सांगायची. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा दात पडला, कुणाला पार्टीला बोलावलं नाही. सगळं इंग्रजीत, भराभर. बाबांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. ते म्हणायचे, "हो का? मग?" आणि ती पुढे सांगायची.

झालं की ती वाकून नमस्कार करायची. बाबा म्हणायचे, "औक्षवंत हो." ती म्हणायची, "नो वरीज, आजोबा."

बाबांना इथे दुसरं काय होतं? आम्ही दोघं दिवसभर कामावर. पार्कात जाऊन बसावं तर बोलायला कुणी नाही, बसने कुठे जावं तर रस्ता चुकायची धास्ती. नातीशी बोलायचं तर भाषा आड यायची. ती टीव्हीसमोर बसली की बाबा तिच्या बाजूला नुसते बसून असायचे. तेवढा एक पाय होता त्यांच्या हातात. मला ते दिसत होतं, आणि तरी त्या सकाळी मी काय करत असायची तर किचनमध्ये तिचा डबा भरत ओरडायची, "चला, उशीर होतोय, पुरे झालं तुमचं." आज वाटतं, एखाद्या दिवशी डबा ठेवून द्यायचा, चहाचा कप घ्यायचा आणि समोर बसून ते नीट बघायचं. शाळेला उशीर झाला असता तर शाळा काही पळून जात नव्हती.

मुलगी तिसरीत असताना शाळेने मुलांना आपापल्या जन्माच्या दिवसाबद्दल घरी विचारून यायला सांगितलं. डायनिंग टेबलावर वही उघडून ती मला विचारत होती. बाबा मागच्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं, कांडी, दवणा, गराज. ती हसली. मग मी सहज म्हणून गेले, की शेवटी तू फिरलीसच, डोकं खाली आलं, पण ठोके कमी झाले म्हणून सिझेरियन.

तिने पेन्सिल खाली ठेवली. "सो आय अ‍ॅम नॉट पायाळू?"

"तसं बघितलं तर नाही," मी म्हणाले.

"डझ आजोबा नो?"

"नसावं. राहूनच गेलं सांगायचं."

तिने वही मिटली. माझ्या डोक्यात कुकरच्या शिट्या होत्या. त्या वयात मुलांचं खऱ्याखोट्याचं गणित फार कडक असतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. बोर्ड गेममध्ये कुणी सोंगटी एक घर जास्त सरकवली तर रडून घर डोक्यावर घेणारी पोर ती. पण तिने विचारलं आणि मी खरं सांगितलं. आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन, म्हणून तर जास्त लागतं. चूक सापडली असती तर निदान त्या चुकीवर तरी चिडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रगवर पालथे पडले. मुलगी आली ती दोन्ही पायांत मोजे घालून. त्यांच्या डोक्यापाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजोबा, आय कान्ट फिक्स युअर बॅक. आय अ‍ॅम नॉट अ रिअल वन. मी पायाळू नाही."

शेवटचं वाक्य मराठीत. आदल्या रात्री तिने ते पाठ केलं असणार.

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डब्याचं झाकण हातात घेऊन उभी होते. मला वाटलं, आता त्यांना धक्का बसणार, आता मला समजवावं लागणार. पण ते म्हणाले, "ओके, ओके. नो वरीज." तिच्या गालावरून हात फिरवला, सोफ्याचा आधार घेऊन उठले आणि रग गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. मुलगी दप्तर घेऊन दारापाशी गेली. शाळेला त्या दिवशी आम्ही वेळेच्या आधी पोचलो.

त्यानंतर दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखं वागायला लागले. ती सकाळी त्यांच्यासमोर यायचं टाळायची. आपण इतकी वर्षं आजोबांना फसवलं असं तिने मनाला लावून घेतलं होतं, आणि मी "तसं काही नसतं गं" म्हटलं की ती खांदे उडवायची. बाबा फिजिओचे व्यायाम करायचे, गरम पाण्याची पिशवी घेऊन अंगणात उन्हाला बसायचे. पाठ धरलीय असं म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. नवरा म्हणाला, बघ, औषधावाचून खोकला गेला. मला हसू आलं नाही. थोड्याच दिवसांत त्यांचा व्हिसा संपला. विमानतळावर मुलीने वाकून नमस्कार केला, ते म्हणाले, "औक्षवंत हो," आणि ती नुसती "बाय" म्हणाली.

पुढे दर वर्षी मी म्हणायची, बाबा, या ना. कधी गुडघे, कधी विमानातली सीट, कधी इकडची थंडी. एकदा म्हणाले, "आता तिथे माझं काय काम?" मी म्हटलं, "काम कशाला पाहिजे यायला?" ते हसले. विषय तिथेच राहिला.

मुलगी बारा वर्षांची झाली. तिचा पाय माझ्यापेक्षा मोठा झाला. एका रविवारी फोनवर बाबा सांगत होते की शेजारच्या काकूंच्या घरी नातू झाला, अगदी पायाकडून. मी चिडवत म्हटलं, "चला, आता तुम्हाला खरा पायाळू मिळाला. आमचा माल डुप्लिकेट निघाला होता."

"मला माहीत होतं की ते," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"ती झाली त्याच दिवशी. जावईबापूंनी गाडी लावतानाच सांगितलं, बाळ फिरलं होतं म्हणून. मी म्हटलं, लेकीला नका सांगू मला कळलंय ते, आधीच दमलीय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो विसरूनही गेला होता. विमानतळावर मूठभर अळिवासाठी खोटं न बोलणारा माझा बाप. मग मी विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत? ती म्हणाली तेव्हा?"

"मला वाटलं, कंटाळली पोर. मोठी होत होती. म्हाताऱ्याच्या पाठीवर रोज किती दिवस पाय ठेवणार? तिने मान राखून सुटका मागितली, मी दिली."

"बाबा, तिला वाटलं ती तुम्हाला फसवतेय. म्हणून सोडलं तिने. कंटाळली नव्हती."

मग ते म्हणाले, "अरेरे," आणि पुन्हा एकदा, हळू, "अरेरे."

मुलीला मी त्याच दुपारी सांगितलं. आधी तिचा विश्वास बसला नाही, मग ती भडकली. "ही न्यू? द होल टाइम? मग कुणी बोललं का नाही?" ज्याने त्याने दुसऱ्याला मोकळं केलं होतं, एवढंच झालं होतं. मी म्हटलं, फोन लावून देऊ का आजोबांना? ती म्हणाली, "नॉट ऑन द फोन. आपण जाऊ ना ख्रिसमसच्या सुट्टीत, तेव्हा मी करेन." मी त्याच संध्याकाळी तिकिटं काढली. बाबांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "रग धुऊन ठेवतो."

शाळा सुटायला थोडेच दिवस राहिले असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं, हालचालही आणि स्पर्शही. बोलणं राहिलं, जरा जड, पण राहिलं. आम्ही तिकिटं अलीकडे आणून नाशिकला पोचलो तेव्हा ते हॉस्पिटलातून घरी आले होते. सांभाळणाऱ्या मावशींनी त्यांना नुकतंच उजव्या कुशीवर वळवलं होतं. तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. ती पाठ मी पाहिली आणि मला आधी ओळखूच आली नाही, एवढी उतरली होती.

"आली का?" त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

मुलगी पुढे झाली. तिने मला काही विचारलं नाही. बूट काढला, मोजा काढून हातात धरला, कॉटच्या कठड्याला धरून उभी राहिली. आता तिचा पाय त्यांची अर्धी पाठ व्यापत होता. तिने तो अलगद टेकवला, भार न देता, डाव्या खांद्याच्या खाली.

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"लाव की गं," बाबा म्हणाले.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. पाय तिथेच होता. तिने तो जरा दाबला. "लावलाय, आजोबा," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत.

बाबांनी उशीवरच मान हलवली. "हो, हो," म्हणाले. "लागला. तिथेच धरलं होतं. गेली बघ."

तिने पाय काढला आणि जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला. "औक्षवंत हो," भिंतीकडून आवाज आला. ती "नो वरीज" म्हणायला गेली, पण ते पूर्ण झालं नाही.

आम्ही बाहेरच्या खोलीत आलो. ती स्टुलावर बसली, अजून मोजा हातातच.

"त्यांना कळलं ना, ममा?"

"कळलं," मी म्हणाले.

तिने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान हलवली आणि वाकून मोजा घालायला लागली.